जयरामची जागा

धुकं इतकं दाट उतरलं होतं, की मनस्वीला हातातली वही दिसत होती आणि वहीपलीकडचं गाव दिसत नव्हतं. गाव होतं तिथेच. उंबराच्या झाडाखाली शंभर-सव्वाशे माणसं उभी होती. कोणी खोकत होतं, कोणाचं तान्हं कुरकुरत होतं.

भादव्यातल्या एका रविवारी वैशाखरे गावात हजेरी होते. चौऱ्याहत्तर साली रेशनच्या धान्यासाठी इथून मुरबाडच्या कचेरीवर पहिला मोर्चा चालत गेला. त्यात चाललेल्यांची नावं पुकारायची, आणि जो आता या जगात नाही त्याच्या नावाला सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "हजर!" एकावन्न वर्षं ही वही गिरजाआत्याने वाचली. ती मनस्वीच्या वडिलांची आत्या, पण सगळं गावच तिला आत्या म्हणतं. यंदा तिचा घसा बसला तो बसलाच, आणि वही मनस्वीच्या गळ्यात पडली. कॉलेजात प्रेझेंटी देतानाही जिचा आवाज बाकाखाली जायचा, तिच्या!

"महिपत काळू."

"हजर!"

"भीमाबाई रामा."

"हजर!"

मनस्वीने पान उलटलं. आता ते नाव येणार होतं. तिने घसा खाकरला.

"जयराम धर्मा."

कोणीही काही बोललं नाही. बोलायचं नसतंच. बाकीचे गेले ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेले. जयराम मात्र त्या पहिल्याच मोर्च्यात, अशाच धुक्यात, दिसेनासा झाला तो झालाच. कोणी म्हणे पोलिसांनी उचलला, कोणी म्हणे पळाला. त्याच्या नावाला 'हजर' म्हणायचं म्हणजे तो मेला असं कबूल करायचं, आणि गिरजाआत्या जिवंत असेपर्यंत ते कोण करणार? म्हणून दहा श्वास थांबायचं, आणि पुढचं नाव घ्यायचं.

मनस्वी मनात मोजत होती. पाच... सहा... सात...

"हजर."

तरणा, शांत आवाज. धुक्यातून आलेला.

शंभर माना एकदम वळल्या. पायवाटेवर, धुकं जरा विरळ झालं होतं तिथे, एक मुलगा उभा होता — खांद्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली लांब गुंडाळी, केसांवर दवाचे थेंब, आणि चेहरा असा, की चुकून दुसऱ्याच्या लग्नात येऊन पंगतीत बसलाय.

"तुमी कशाला बोललात?" मनस्वी म्हणाली. तिच्या अंगावर काटा आला होता, त्यामुळे आवाज हवा त्यापेक्षा जरा तिखटच निघाला.

"मी...?" त्याने एकदा मागे वळून पाहिलं. मागे धुकंच होतं.

तोवर गिरजाआत्या माणसं बाजूला सारत पुढे आली होती. तिने दोन्ही हात त्याच्या गालांना लावले. "कुठला रे तू?"

"उंबरमाळीच्या बौद्धवाडीतला, आजी. अनिकेत सुदाम. शहापूरला फ्लेक्सच्या दुकानात असतो. मोर्च्याचा फ्लेक्स द्यायला आलो व्हतो."

"हजर बोल्लास ना तू?"

अनिकेतने म्हातारीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तिच्यामागे उभ्या मनस्वीकडे पाहिलं — जरा जास्तच वेळ.

"हो," तो म्हणाला. "चुकलं का काय माझं?"

"नाय रे बाबा." गिरजाआत्या हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "उशीर झाला, येवढंच."

मग म्हातारा देवजी पुढे झाला. पहिल्या मोर्च्यातला आता हा आणि आत्या एवढेच उरलेले, त्यामुळे नियम सगळे याच्या तोंडपाठ. "ज्यानं नावाला ओ दिली त्यानं त्या नावाची जागा चालायची," त्याने सांगून टाकलं. "शुक्रवारी मोर्चा हाय. जयरामची जागा सगळ्यात शेवटची. मागं कोणी राहत नाय ना, हे बघणाऱ्याची. ये टायमावर."

खाली ओढ्यावर धरण बांधायचं घाटत होतं. अर्धं गाव पाण्याखाली जायचं होतं. म्हणून यंदाचा मोर्चा. अनिकेतने गुंडाळी उघडली आणि चौघांनी चारी टोकं धरली, तर आत धरणाचा 'ध'सुद्धा नव्हता. आत काळा गॉगल लावलेले, फोन कानाला लावलेले कोणी दादा होते, त्यांचा वाढदिवस होता, आणि खाली चाळीस शुभेच्छुकांचे चाळीस फोटो होते.

आधी कोणी हसेना. मग मनस्वीला आवरेना.

"हे चालणार मुरबाडपर्यंत आमच्याबरोबर?" तिने विचारलं.

"चाळीस माणसं वाढतील की मोर्च्यात," अनिकेत म्हणाला. कान लाल झालेले, पण जीभ जागेवर होती. "मंगळवारी बरोबरचा आणतो. तुमी असाल ना इथं?"

"मी कशाला असायला पायजे?"

"मोजून घ्यायला... परत चाळीस जण निघाले तर."

मंगळवारी मनस्वीला कॉलेज होतं. मंगळवारी मनस्वी कॉलेजला गेली नाही. का गेली नाही, ते तिने आईला एक सांगितलं, मैत्रिणीला, वैष्णवीला, दुसरं सांगितलं, आणि स्वतःला काहीच सांगितलं नाही.

फ्लेक्स या वेळी बरोबर होता. गिरजाआत्याने अनिकेतला ओट्यावर बसवून कोरा चहा दिला आणि बसक्या आवाजात बोलत राहिली. जयराम बौद्धवाडीतला. पायात बेलबॉटम, मानेवर रुळणारे केस. त्या वर्षी घाटातून पायी चालत दोन परदेशी पोरं आली, एक मुलगा नि एक मुलगी, आणि पावसाळाभर शाळेच्या पडवीत राहिली. मुलाला गाव पावलू म्हणायचं. चिली नावाच्या देशातून तो जीव वाचवून पळाला होता. तिकडे लष्कराने राज्य घेतलं होतं आणि त्याच्या वयाची पोरं घरातून नाहीशी होत होती. मग त्यांचे सोबती जमायचे, एकेकाचं नाव पुकारायचे, आणि सगळे मिळून म्हणायचे — हजर.

"त्यानंच शिकवलं आमाला. जयरामला भारी आवडलं ते. बोल्ला, गिरजे, म्हंजे माणूस कुठं जातच नाय." तिने कपात पाहिलं. "आन् तोच गेला. मानसं बोल्ली, त्या गोऱ्या पोरांबरोबर देश बघाया पळाला, तुला फसवून. पन्नास वर्षं मी तेच चघळतेय... पळाला का नेला, फसवलं का नाय."

"लग्न..." अनिकेत अडखळला.

"मी पाटलांच्या घरातली, तो तुमच्यातला. लग्न कुठलं? बोल्लो व्हतो आमी, मुरबाडवरनं परत आलो का घरात सांगू." तिने एकदा अनिकेतकडे पाहिलं, एकदा दाराआड उभ्या मनस्वीकडे, आणि पदराने तोंड पुसलं. "आता कोण बोल्लं घरात, तर मी हाय."

दाराआड मनस्वीचे कान तापले. आत्याचे डोळे कमी झालेत असं घरात सगळेच म्हणत. कुठे कमी झाले होते!

बुधवारी अनिकेत पुन्हा आला.

"आता काय राहिलं?" मनस्वीने विचारलं.

"दोऱ्या. फ्लेक्स बांधायच्या."

"गावात दोऱ्या नाय मिळत?"

"अशा नाय मिळत." त्याने खिशातून साधी सुतळी काढली. दोघांनी सुतळीकडे पाहिलं, आणि दोघंही हसले.

उंबराखाली दोघं फ्लेक्सच्या कडांच्या भोकांतून सुतळी ओवत बसली. दुपार होती, तरी धुकं पुरतं हटलं नव्हतं. बोलता बोलता मनस्वीच्या एक गोष्ट ध्यानात आली. ओढ्याकडच्या बाजूला पाठ करून अनिकेत बसतच नव्हता. आणि मधूनच बोलणं थांबवून, मान न वळवता, तो काहीतरी ऐकत होता.

"कोण आहे मागं?" तिने चेष्टेने विचारलं.

"कोण नाय," तो म्हणाला. पण सुतळी ओवणारी बोटं थांबली होती. ती बोटं आपल्या हातात घ्यावीत, असं मनस्वीला इतक्या जोरात वाटलं, की ती उठून पाणी आणायला गेली.

गुरुवारी संध्याकाळी वैष्णवी फोन नाचवत आली. हजेरीचा व्हिडिओ तिने टाकला होता आणि तो कुठच्या कुठे पोचला होता. "बघ तरी! कुठल्या कुठल्या देशातनं लिहितायत. ही चिलीची कोण बाई, आजीच दिसते फोटोत. एकच शब्द लिहिलाय. प्रेसेंते. म्हंजे हजर, भाषांतर करून बघितलं मी."

मनस्वीने व्हिडिओ पाहिला. स्वतःचा आवाज ऐकून तिला लाज वाटली. जयराम धर्मा. शांतता. कोणी येतंय अशी चाहूल लागून वैष्णवीने कॅमेरा आधीच पायवाटेकडे वळवला होता, आणि विरळ धुक्यात अनिकेत उभा होता, समोरून, स्पष्ट.

"हजर."

तिने मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मग पुन्हा.

आवाज येत होता, आणि अनिकेतचे ओठ मिटलेले होते.

सकाळी लवकर निघायचं म्हणून बाहेरगावची मंडळी शाळेच्या पडवीत मुक्कामाला आली होती. त्यांतच अनिकेत होता. मनस्वीने त्याला खांबाआड गाठलं आणि फोन समोर धरला.

"हा आवाज तुमचा नाय."

त्याने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. "नाय," तो म्हणाला.

"मग कोणाचा?"

"माझ्या मागनं आला. पार कानाशी. मी वळून बघितलं, तर कोणच नाय."

"आणि खुशाल हो म्हणालात?"

"आजींचं तोंड बघितलं... नाय कसं म्हणू? आणि मग तुमचं तोंड बघितलं." तो ओशाळं हसला. "नाय म्हणालो असतो तर फ्लेक्स देऊन तसाच गेलो असतो. परत यायला काय कारण व्हतं?"

दुसऱ्या कुठल्याही संध्याकाळी हे वाक्य मनस्वीने आठवडाभर उशाशी ठेवलं असतं. आज तिला आधी दुसरंच आठवलं. जयरामची जागा. जयरामचा आवाज. हा मुलगा तिला फक्त पाच दिवस ठाऊक होता, आणि तो नसला तर काय होईल हे तिला आत्ताच ठाऊक झालं होतं — आत्या होईल तिची. दर भादव्यात एक नाव पुकारायचं आणि दहा श्वास मोजायचे.

"उद्या चालू नका," ती म्हणाली.

"शब्द गेलाय, मनस्वी."

"तुमचा नव्हता तो."

"माझा नव्हता... पण घेतला मी." आणि मग, अगदी हळू, "तू चालशील ना मागं, माझ्याबरोबर?"

'तुमी'चं 'तू' झालेलं दोघांच्याही लक्षात आलं. कोणीच ते दुरुस्त केलं नाही.

सकाळी धुकं रविवारपेक्षाही दाट होतं. मोर्चा जुन्या वाटेनेच निघतो, ओढ्यावरच्या दगडी मोरीवरून, मग डांबरी रस्त्याला. पुढे फ्लेक्स, फ्लेक्समागे गिरजाआत्या आणि देवजी, आणि मागे दोनदोनची रांग. एकदा निघाली की रांग थांबवायची नाही, हा पहिल्या मोर्च्यापासूनचा नियम. तेव्हा रांग तुटली की पोलीस घुसायचे. त्याच नियमाने गिरजाआत्या त्या दिवशी थांबली नव्हती. जयराम तिच्यामागे होता. मोरीपाशी तो म्हणाला, "तू हो पुढं, मी आलोच." ती पुढे झाली. हे शब्द आत्याने एकट्या मनस्वीला सांगितले होते, भात लावताना, चिखलात वाकल्या वाकल्या, वर न बघता.

शेवटच्या ओळीत मनस्वी आणि अनिकेत चालले होते. घोषणा पुढून यायच्या आणि धुक्यात विरून जायच्या. ओढ्याचा आवाज वाढत गेला. मोरी अरुंद, म्हणून मनस्वी पुढे झाली, अनिकेत मागे.

तिच्या मागे चपलेचा अंगठा तुटल्याचा आवाज आला. आणि मग —

"तू हो पुढं. मी आलोच."

मनस्वी तीन पावलं पुढे गेली. चौथ्या पावलाला तिला कळलं, आपण काय ऐकलं.

ती वळली. पांढरं. नुसतं पांढरं.

"अनिकेत!"

ओढा खळाळत होता. पुढे रांग लांब लांब चालली होती. थांबायचं नाही... मनस्वीने नियम तिथेच मोडला आणि मागे फिरली. "अनिकेत, अरे!" काहीच नाही. हात पुढे करून चाचपलं तर हाताला फक्त ओल लागली. मग तिने डोळे मिटले, वही हातात आहे असं धरलं, आणि पुकारलं, गावाला ऐकू जाईल असं, बाकाखालच्या आवाजाने नव्हे —

"अनिकेत सुदाम!"

एक. दोन. तीन. पुढे घोषणा थांबल्या. चार. पाच. हा श्वास सरला तर काय, असं तिला प्रत्येक आकड्याला वाटत होतं. सहा.

सात.

"हजर."

तिच्या पायाशीच. इतक्या जवळून, की ती दचकली. धुकं हातभर सरलं, आणि मोरीवर उकिडवा बसलेला अनिकेत दिसला, तुटकी चप्पल हातात, चेहरा पांढराफटक. त्याच्या डाव्या पायापासून वीतभरावर मोरी संपलेली होती. कडेचे दगड केव्हाच वाहून गेले होते, आणि खाली पाणी गरगरत होतं.

मनस्वीने त्याला दोन्ही हातांनी ओढून घेतलं आणि सोडलंच नाही.

"ओ का नाय दिलीस?" ती रडत होती, चिडलीही होती. "आणि ते कशाला म्हणालास? 'तू हो पुढं'... कोणी सांगितलं तुला ते?"

"मी काय बोललोच नाय," तो तिच्या केसांत म्हणाला. "चप्पल तुटली, खाली वाकलो. उठून डाव्या अंगाला पाय टाकणार, तर कोणी तरी खांदा दाबला. बोलला, हलू नको. या खेपेला ती येल."

त्याचं काळीज तिला तिच्या छातीशी लागत होतं.

"आलीस," तो म्हणाला.

"मग? सोडून जाणार होते?" तिने नाक पुसलं. "मला तू आवडतोस, गाढवा. रविवारपासनं. त्या चाळीस फोटोंपासनं."

"मला त्याच्या आधीपासनं. तू माझ्यावर खेकसलीस ना, तेव्हापासनं."

धुक्यातून काठीचा ठकठक आवाज आला. पुढची रांग थांबली होती, एकावन्न वर्षांत पहिल्यांदा, आणि ती थांबवून गिरजाआत्या मागे आली होती. तिने दोघांना पाहिलं. मग मोरीची तुटलेली कड पाहिली. मग खालचं पाणी पाहत ती कितीतरी वेळ उभी राहिली.

"काय बोल्ला तो?" तिने विचारलं. कोण, हे तिने विचारलं नाही.

अनिकेतने मनस्वीकडे पाहिलं. मनस्वीने मान डोलावली. त्याने सांगितलं.

"या खेपेला." गिरजाआत्याने ते शब्द तोंडात घोळवले. "म्हंजे तो पळाला नव्हता. इथंच व्हता. माझी वाट बघत व्हता." ती काठीवर वाकली. "आन् मी गेले गो पुढं... नियम व्हता ना."

मग ती ताठ झाली. आठ दिवस बसलेला तिचा घसा मोकळा झाला, आणि मोर्च्याच्या पार पहिल्या माणसापर्यंत आवाज गेला.

"जयराम धर्मा!"

दहा श्वास ती थांबली नाही. एकच श्वास घेतला, आणि आपणच म्हणाली, "हजर."

धुक्यात रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे म्हणाले, "हजर!" देवजीचा चिरका आवाज त्यात सगळ्यांत शेवटी आला. ओढ्याकडून मात्र या वेळी काहीच आलं नाही. नुसतं पाणी वाहत होतं.

"चला," गिरजाआत्या डोळे पुसून म्हणाली. "आन् आइका रे समदे. आजपासनं कोणी मागं राहिला, तर रांग थांबवायची."

मोर्चा पुन्हा निघाला. मुरबाड अजून दीड दिवसाच्या वाटेवर होतं. कचेरीत निवेदन घेतील, तारीख देतील, पुन्हा चालावं लागेल. अनिकेतने तुटकी चप्पल सुतळीने बांधली होती — ती बुधवारची सुतळी खिशात उरलेली होती.

"जयरामच्या नावाला तर आजींनी हजर म्हटलं," तो म्हणाला. "आता त्याची जागा माझी राहिली नाय. मग मी कुठं चालू?"

मनस्वीने त्याचा हात धरला. पुढे कोणी वळून पाहिलं असतं तर दिसला असता, इतक्या उघडपणे.

"इथं," ती म्हणाली.

अनिकेतने रविवारपासून पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं, अगदी सावकाश. मागे वाट होती, ओलं गवत होतं, आणि धुक्यात हळूहळू दिसू लागलेलं उंबराचं झाड होतं. मागे कोणीच राहिलं नव्हतं.